विसरत चाललेल्या आईला काय विचारावे?

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मुलांची आईवडिलांप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत त्यांचा सांभाळ करणे आहे, तसेच कुळाची परंपरा टिकवणे हेही आहे. पहिले कर्तव्य आपल्यापैकी बरेच जण पार पाडतात. दुसऱ्याकडे लक्ष जाते ते म्हातारी माणसे विसरू लागल्यावर.

आपल्या घरांना हा उशीर फार महाग पडतो. ज्यांच्याकडे सनदा आणि वंशावळी आहेत, त्यांचे आजोबा विसरले तरी कागद बोलतो. आपल्याकडे शाळेत गेलेल्या आजोबांच्या दाखल्यावर गुरुजींनी अंदाजाने घातलेली १ जून ही जन्मतारीख असते, आणि आजीच्या नावाने पुष्कळदा तेवढेही नसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा जे पंधरा वर्षांचे होते, त्यांनी ऐंशी केव्हाच ओलांडली आहे.

स्मृतिभ्रंशात साधारणपणे जवळची आठवण आधी जाते, दूरची बराच काळ टिकते. सकाळी जेवलो की नाही हे न आठवणारी आई माहेरच्या विहिरीची वाट बरोबर सांगते. मात्र गोंधळ अचानक सुरू झाला असेल तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये. जंतुसंसर्ग, थायरॉईडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा एखादे औषध यांमुळेही असे होऊ शकते व त्यावर उपचार असतात. आधी डॉक्टर, मग वही.

बसावे ते सकाळी, एकट्यानेच, वीसेक मिनिटे. संध्याकाळी अशा रुग्णांचा गोंधळ पुष्कळदा वाढतो. चष्मा, कानाचे यंत्र जागेवर आहे ना ते पाहावे. सन विचारू नये. उत्तर येत नाही आणि माणूस ओशाळतो. त्याऐवजी खूण द्यावी. "७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलीस, तेव्हा कडेवर कोण होतं गं?" असे विचारले की मूल आठवते, सुकडी आठवते, मुकादम आठवतो. साल आपण मागाहून मुलांच्या वयांवरून जुळवावे. शब्द सापडत नसतील तर जात्यावरची ओवी किंवा पाळणा आपणच सुरू करावा. बोलणे तुटक झालेल्या बाईलाही पुढची ओळ येते, आणि ओवीत बहुधा भावाचे नाव किंवा माहेरचे गाव असतेच.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आपले आजोबा दीक्षाभूमीवर होते असे प्रत्येक घराला वाटावे हे स्वाभाविक आहे. पण "आई, तू नागपूरला गेली होतीस ना?" असे विचारले तर ती "हो" म्हणेल. ती खोटे बोलत नाही. रिकामी जागा मन आपोआप भरून काढते, शिवाय मुलाला हवे ते द्यायची आईला सवयच असते. "दीक्षेच्या वेळी तू कुठं होतीस?" इतकेच विचारावे. ती शेतात निंदत होती असे निघाले, तर तोही आपला इतिहासच आहे. घरातले देव कोणी काढले, सासू काय म्हणाली, ही हकीकत तिच्याशिवाय कोण सांगणार? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आले. चळवळीतल्या स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, विचारून केलेले ते काम आहे. विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे.

सांगताना ती चुकली तरी मध्येच दुरुस्त करू नये. जसे बोलली तसे, तिच्याच बोलीत लिहावे, आणि आपली शंका समासात टिपावी. तीच गोष्ट पुन्हा सांगितली तर पुन्हा ऐकावी. दोन्ही वेळा सारखे राहिले ते बहुधा पक्के असते, पण धाकट्या मावशीला किंवा जुन्या शेजाऱ्यांना विचारून खात्री करावीच.

गावकुसाबाहेरचे अपमान ती सांगू लागली आणि हात थरथरले, तर तिथेच थांबावे. गेलेल्या माणसाची चौकशी तिने केली, "तुझे बाबा अजून कसे आले नाहीत?" तर "ते वारले की" असे दरवेळी सांगून तिला नव्याने दुःखात ढकलण्यात काय अर्थ? "बाबांची वाट बघतेस? कसे होते गं ते?" असे म्हणावे. पुष्कळदा तिथूनच ती बोलू लागते.

मोबाइलवर आवाज उतरवून घ्यायचा तर तिला विचारून घ्यावा. सुरुवातीला तारीख, गाव, विचारणाऱ्याचे व सांगणाऱ्याचे नाव बोलून ठेवावे. लिहिलेले पान दुसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवावे. एखादे नाव ती तेव्हा भरते. वहीची एकेक प्रत प्रत्येक भावंडाकडे असावी, सासरी गेलेल्या बहिणीकडेसुद्धा.