प्रवेशाची वाट पाहण्याचे दिवस : मुलं, पालक आणि आपण शिक्षक



दहावी-बारावीच्या निकालाबद्दल आपण भरपूर बोलतो. पण पदवी झाल्यावर एमएस्सी, एमटेक किंवा परदेशातल्या प्रवेशासाठी थांबलेल्या मुलांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. दाभोळसारख्या गावात अशी मुलं मोजकीच असतात, त्यामुळे ती जास्त एकटी पडतात. हे थांबणं एवढं जड का जातं आणि आपण त्यात काय करू शकतो, ते आज पाहू.

वाट किती लांब असते?

जॅम आणि गेट या परीक्षा फेब्रुवारीत होतात, निकाल मार्चमध्ये लागतो. पण निकाल म्हणजे प्रवेश नव्हे. जागावाटपाच्या फेऱ्या उन्हाळ्यात सुरू होतात आणि आठवडेच्या आठवडे चालतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे बरेचसे अर्ज डिसेंबरच्या सुमारास जातात, उत्तरं जानेवारी ते एप्रिलमध्ये येतात. म्हणजे तीन-चार महिने मूल अधांतरी असतं.

अभ्यास करताना निदान काहीतरी हातात असतं. अर्ज गेल्यावर काहीच हातात उरत नाही. वर घरी बसलेलं मूल सगळ्यांच्या नजरेत असतं. फेरीबोटीच्या धक्क्यावर, देवळात, लग्नात एकच प्रश्न : "काय गो, लागला का नंबर?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण दिवसातून चारदा तेच उत्तर द्यायचं म्हणजे पोरगी घराबाहेर पडायचंच टाळते.

अभ्यासकांना काय आढळलं?

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच विषय अभ्यासला आहे. तिथल्या वकिलीच्या परीक्षेच्या निकालाला सुमारे चार महिने लागतात. त्यांनी निकालाची वाट पाहणाऱ्या 230 कायदा पदवीधरांना त्या काळात वेळोवेळी प्रश्न विचारले. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली : काळजी सुरुवातीला आणि निकाल जवळ आल्यावर जास्त असते, मध्ये थोडी ओसरते. दुसरी : काळजी दाबून टाकायच्या युक्त्यांनी ती फारशी कमी झाली नाही. उलट ज्यांनी वाईट निकालाचाही विचार करून ठेवला होता, त्यांनी नापासाची बातमी जास्त नीट पचवली. तिसरी पुढच्या एका अभ्यासातली : ज्या कामात माणूस भान विसरून रमतो, ते काम या काळात खरोखर आधार देतं.

म्हणून "काळजी करू नकोस" हे वाक्य फारसं उपयोगी नाही. "काळजी वाटणारच, चल, तोवर हे करू" हे जास्त बरं.

आपल्या तालुक्यातलं उदाहरण

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याच दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. तरुणपणी एका सरकारी परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. शंभराहून जास्त मैलांची वाट, मध्ये सह्याद्री. तिथे पोचल्यावर कमिटीने "तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस" म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला त्यांनी ती परीक्षा दिली आणि पास झाले. बीए झाले ते 1884 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी.

प्रत्येक नकारानंतर महर्षी होता येतं, असं मुलांना सांगू नये, ते खरं नाही. सांगायचं एवढंच, की तो नकार त्या दिवशीच्या त्या कमिटीचा होता. पोराच्या बुद्धीबद्दल त्यात काहीच ठरलं नव्हतं. आणि एक वर्ष उशीर झाला म्हणून आयुष्य संपलं नाही.

मुलांनी काय करावं?

1. ईमेल आणि पोर्टल बघायची वेळ ठरवावी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. फेरी चालू असेल तेव्हा मात्र मुदत चुकवू नये.
2. कागदपत्रं याच दिवसांत पुरी करावीत. केंद्रीय संस्थांना ओबीसी नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएस दाखले साधारणपणे चालू आर्थिक वर्षातले, केंद्राच्या नमुन्यातले लागतात. दापोलीला आयत्या वेळी धावपळ नको.
3. नियम नीट वाचावेत. गेटवरून एमटेकला जाताना सामायिक पोर्टलवर मिळालेली जागा राखून पुढच्या फेरीची वाट बघायचा पर्याय असतो. हातातली जागा सोडून वाट बघणं आणि धरून वाट बघणं यात फार फरक आहे.
4. रोज दोन तास तरी रमवणारं काम हवं : लहान मुलांची शिकवणी, बागेतलं काम, पेटी, पोहणं, काहीही.

पालकांनी काय सांभाळावं?

सगळ्यात जास्त भीती प्रवेशाची नसते, "नाही झालं तर घरचे काय करतील" याची असते. मुलींच्या बाबतीत तर "या वर्षी नाही झालं तर स्थळं बघू" हे वाक्य सहज बोललं जातं. तिच्या लेखी मग ती नुसती प्रवेशयादी राहत नाही, सगळं शिक्षणच त्यावर टांगलेलं असतं. म्हणून निकालाच्या आधीच आईवडिलांनी बसून ठरवावं आणि स्पष्ट सांगावं : आणखी एक वर्ष देऊ की नाही, खर्च किती झेपेल, दुसरं कॉलेज चालेल का. उत्तर थोडं कडू असलं तरी चालेल, माहीत असलेलं बरं. आणि बाहेरच्यांच्या प्रश्नांना उत्तर आपणच द्यावं : "कळलं की सांगू हो."

शिक्षकांसाठी एक तासिका

मुलांना कागदावर तीन रकाने आखायला सांगा : 'माझ्या हातात', 'दुसऱ्याच्या हातात', 'तारीख'. मनातली प्रत्येक काळजी त्यांनी योग्य रकान्यात लिहावी. मग पहिल्या रकान्यातलं एकच काम निवडून त्या आठवड्यात पुरं करावं. नववी-दहावीच्या वर्गातही हे घेता येतं. वाट पाहायची सवय तेव्हापासून लागलेली बरी.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. झोप उडाली, जेवण सुटलं, बोलणं बंद झालं किंवा "जगून काय उपयोग" असं तोंडातून आलं, तर निकालाची वाट बघत बसू नका. टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. फोन पालकांनी केला तरी चालतो.

तुमच्या वाडीतलं असं एखादं मूल सध्या थांबलेलं असेल, तर या आठवड्यात त्याच्याशी बोला. फक्त प्रवेशाबद्दल विचारू नका.