आपल्यासारखी माणसे



मोहल्ल्यात कोणाला टायफॉइड झाला किंवा कोणाचा पाय मोडला, की शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात. उर्दूत आपण याला ‘इयादत’ म्हणतो. त्यामुळे आजारी माणसाला धीर येतो. पण एखाद्याचे मन आजारी पडले तर? तेव्हा घरचे लोक दार लावून घेतात. ‘लोक काय म्हणतील?’ या भीतीने आजार लपवतात. मग इयादतीला कोण येणार?

समजा, मुंब्र्यातील एका मुलीचा मोठा भाऊ कॉलेजला जाईनासा झाला. तो रात्रभर जागतो. त्याला कोणाचे तरी आवाज ऐकू येतात. अम्मी रडते, अब्बा गप्प असतात. ती मुलगी मैत्रिणींना घरी बोलावत नाही. कोणी विचारले, तर “भाईजान गावी गेले आहेत,” असे सांगते. भाऊ आजारी आहे. पण सगळे लपवून लपवून तिचेही मन थकले आहे. अशा घराला डॉक्टर तर हवेतच; शिवाय आपले दुःख समजणारी माणसेही हवीत.

सारखेच दुःख असलेली माणसे ठरलेल्या दिवशी एकत्र बसतात, अनुभव सांगतात आणि एकमेकांना धीर देतात. अशा गटाला ‘आधारगट’ किंवा ‘स्वमदत गट’ म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर भेटले. दोघेही दारूच्या व्यसनाने गांजलेले होते. एकमेकांशी मोकळेपणाने बोलल्याने दारूपासून दूर राहता येते, असे त्यांना आढळले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. पुढे १९५७ साली अशा घरांतील मुलांसाठी ‘अलाटीन’ हा गट निघाला. आजार एकाला असला, तरी आधार घरातल्या मुलांनाही लागतो.

आपल्या ठाणे शहरात १९०१ साली सुरू झालेले सरकारी मनोरुग्णालय आहे. तेथे बाह्यरुग्ण विभागात तपासणी होते. रुग्णाला दाखल करावेच लागते असे नाही. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली. तिला लोक ‘आय.पी.एच.’ म्हणतात. उपचारांबरोबर स्वमदत गट चालवणे, हे तिचे एक महत्त्वाचे काम आहे. कल्याण-डोंबिवलीहून लोकलने ठाण्याला सहज जाता येते.

असा गट कसा शोधावा? प्रथम विश्वासातील एका मोठ्या माणसाला सांगा. ते तुमचे शिक्षक असतील, खाला असतील किंवा मामू असतील. दुसरे, सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा २०२२ साली सुरू झाली. ती विनामूल्य आहे. तेथे मराठीत किंवा हिंदीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हाही क्रमांक आहे. तिसरे, दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना विचारा, “अशा रुग्णांच्या नातेवाइकांचा गट जवळपास आहे का?”

चांगला गट ओळखायचा कसा? तेथे ऐकलेली गोष्ट कोणी बाहेर सांगत नाही. बोलण्याची सक्ती नसते. कोणी कोणाला हसत नाही. औषधे बंद करा, असेही कोणी सांगत नाही. जेथे हमखास बरे करण्याचे वचन देऊन मोठी रक्कम मागतात, तेथून परत फिरावे.

काही जण म्हणतात, “ही नजर आहे, नुसती दुआ करा.” दुआ अवश्य करावी, पण दवाही घ्यावी. गुजरातमध्ये उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे. तेथे ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. दुआसाठी आलेल्या रुग्णांना तेथील मुजावरच डॉक्टरांकडे पाठवू लागले.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही असे एखादे घर असू शकते. त्या घरातील कोणालाही ‘पागल’ म्हणू नका. खोदून खोदून विचारूही नका. त्या मुलाशेजारी बसा, डबा वाटून खा. त्याने काही सांगितले, तर शांतपणे ऐका. त्याच्या जिवाला धोका आहे असे वाटले, तर मात्र लगेच मोठ्यांना सांगा. ही चहाडी नव्हे. हीसुद्धा इयादतच आहे.

स्वाध्याय

१. मनाचा आजार लोक का लपवतात?
२. आधारगट म्हणजे काय?
३. चांगल्या गटाच्या तीन खुणा लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : धीर देणे, विचारपूस करणे, गांजलेला असणे.
५. पाठातील मुलीला चार-पाच ओळींचे पत्र लिहा.