कर्नल गप्प झाला, पण चालू होता

उरायासूतल्या घरी टेबलावर नवा बोर्ड आला की मी सर्वांत आधी सिरियलच्या पिना शोधतो. नेटवर्क, स्क्रीन, साठवण हे सगळं नंतर. ही सवय एका जुन्या प्रकल्पाने लावली.

रेनेसासच्या चिपवर लिनक्स चढवायचं काम होतं. बूटलोडर नीट बोलायचा, कर्नलच्या पहिल्या ओळी यायच्या, मग 'बूटकन्सोल डिसेबल्ड' एवढं छापून सगळं शांत. टीमने गृहीत धरलं की कर्नल तिथेच कोसळतो. मेमरीवर संशय घेतला, डिव्हाइस ट्री उलटीपालटी केली. शेवटी कुणीतरी नेटवर्कची वायर लावली आणि राउटरच्या यादीत बोर्डाचा पत्ता दिसला. कर्नल पूर्ण चालू होता! जुन्या कुठल्याशा बोर्डावरून आलेल्या बूट ओळीत 'कन्सोल=टीटीवाय०' राहून गेलं होतं. संदेश स्क्रीनकडे जात होते आणि बोर्डाला स्क्रीनच नव्हती. लॉगमध्ये 'कलर डमी डिव्हाइस ८०x२५', म्हणजे नावापुरती स्क्रीन, अशी ओळ दर वेळी उमटत होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मागचं कारण असं. कर्नलचे संदेश आधी मेमरीत साठतात, आणि सिरियलचा खरा ड्रायव्हर बराच उशिरा जागा होतो. त्याआधी कर्नल पडला तर साठलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. ही पोकळी अर्लीकॉन हा तात्पुरता बूटकन्सोल भरतो. पण खरा कन्सोल नोंदला गेला की कर्नल अर्लीकॉन बंद करतो, मग तो खरा कन्सोल भलतीकडे का असेना. म्हणून शोध चालू असेपर्यंत बूट ओळीत 'कीप_बूटकॉन' ठेवाच. रेनेसासच्या या चिपांवर पोर्टचं नाव टीटीवायएससी० असतं, पीसीवर टीटीवायएस०. नाव अंदाजाने लिहू नका. डिव्हाइस ट्रीच्या 'चोझन' भागात 'स्टडआउट-पाथ' बरोबर असेल तर नुसतं 'अर्लीकॉन' लिहून भागतं. पत्ता हाताने द्यायचा असेल तर रजिस्टरची रुंदीही सांगा. अनेक चिपांना ३२ बिटांचीच वाचन-लेखनं चालतात. एरवी बोलणारा कन्सोल बूटच्या शेवटी गप्प झाला, तर वापरात नसलेली क्लॉक बंद करताना कर्नलने त्याचीही क्लॉक तोडली असेल. 'सीएलके_इग्नोर_अनयूज्ड' घालून पाहा.

वायरींबद्दल मी जास्त कडक आहे. ग्राउंड आधी जोडा, पाठवणारी आणि घेणारी तार उलटसुलट, पुरवठ्याची तार मोकळी सोडा. बोर्डाचा व्होल्टेज ३.३ आहे की १.८, हे कागदावर वाचल्याशिवाय अडॅप्टर लावू नका. पीसीच्या जुन्या आरएस-२३२ पोर्टची पातळी तर सरळ चिप जाळते. माझे अडॅप्टर अकिहाबारातल्या अकिझुकी देन्शी या दुकानातले आहेत. दोन्ही व्होल्टेजचे घरात असलेले बरे.

३२ बिटांच्या आर्मवर अर्लीकॉनही गप्प असेल तर 'डीबग_एलएल' हा कर्नल बांधतानाचा पर्याय उरतो. त्यात पत्ता कर्नलमध्येच कोरला जातो, त्यामुळे तो कर्नल दुसऱ्या बोर्डावर नेऊ नका.

बूटचा वेळ मोजण्याआधी मात्र शोधासाठी घातलेलं हे सगळं काढा. १,१५,२०० च्या वेगाने सेकंदाला साडेअकरा हजारांच्या आसपासच अक्षरं जातात, अर्लीकॉन प्रत्येक अक्षर जाईपर्यंत प्रोसेसरला थांबवतो, आणि 'कीप_बूटकॉन' असताना खरा कन्सोलही त्याच पोर्टवर आला की प्रत्येक ओळ दोनदा छापली जाते.