माणसं तीच, कारखाना मात्र बदलला

एच.आर. म्हटलं की आपल्याला आठवतो तो कॅम्पस इंटरव्ह्यूचा शेवटचा राउंड. त्यापलीकडे हा विषय एमबीएवाल्यांचा, आपला नाही, अशी आपली समजूत असते. पण मित्रांनो, उद्या शॉप फ्लोअरवर आपल्या हाताखाली माणसं असणार आहेत. म्हणून एका कारखान्याची ही माहिती.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा (जीएम) कारखाना होता. तिथले कामगार म्हणजे कंपनीची डोकेदुखी! सुमारे २० टक्के कामगार गैरहजर, रोजची भांडणं, तक्रारींचा ढीग आणि गाड्यांची क्वालिटी सुमार. शेवटी १९८२ साली कारखाना बंद झाला.

पुढे टोयोटा आणि जीएम यांनी भागीदारीत १९८४ मध्ये तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने सुरू केला. गंमत म्हणजे युनियन तीच आणि बहुतेक कामगारही जुनेच! मग बदललं काय?

१) कामाची वर्गवारी : आधी कामाचे ८० च्या वर प्रकार होते. ‘हे माझं काम नाही’ म्हणायची सोयच ती. नुमीत मोजकेच प्रकार ठेवले. छोट्या टीम केल्या आणि प्रत्येकाने टीममधली बाकीची कामंही शिकायची असं ठरलं.

२) अँडॉनची दोरी : आधी लाइन थांबवणं म्हणजे मोठा गुन्हा. दोष दिसला तरी गाडी पुढे जायची. नुमीत कोणीही कामगार दोरी ओढू शकत होता. टीम लीडर मदतीला यायचा आणि अडचण सुटली नाही तर लाइन थांबायची.

३) स्टॉपवॉच : वर्क स्टडीत आपण शिकतो ते स्टॉपवॉच इथे कामगारांच्या हातात दिलं. कामाची पद्धत त्यांनीच मोजायची आणि सुधारायची.

४) नोकरीचा भरवसा : कामगार कपात हा अगदी शेवटचा उपाय, असं करारातच होतं. १९८८ च्या सुमारास मागणी घटली तेव्हा कोणाला घरी पाठवलं नाही, उलट ट्रेनिंग दिलं.

शिवाय साहेब आणि कामगार यांचं कॅन्टीन एकच.

गैरहजेरी ३-४ टक्क्यांवर आली आणि क्वालिटीत हा कारखाना जीएमच्या उत्तम कारखान्यांत गेला. म्हणजे खोट माणसांत नव्हती, त्यांना वागवण्याच्या पद्धतीत होती.

अर्थात ही जादूची कांडी नव्हे. नुमीतही काम कष्टाचंच होतं. जीएमला आपल्या इतर कारखान्यांत ही पद्धत चटकन रुजवता आली नाही. २००९ मध्ये जीएम भागीदारीतून बाहेर पडली आणि २०१० मध्ये टोयोटानेही नुमी बंद केली. चांगलं एच.आर. धंद्यातलं प्रत्येक संकट टाळू शकत नाही.

तरीही आपण घ्यावा असा धडा साधा आहे. दोरी काय, कोणीही टांगेल. ती ओढणाऱ्यावर न चिडता ‘काय अडलंय?’ असं विचारणं अवघड. ट्रेनी म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, वीस वर्षं मशिनवर उभ्या असलेल्या एखाद्या काकांना हा प्रश्न जरूर विचारा. आणि उत्तर मिळालं की वहीत लिहून घ्या!