चार पोरं, एक वीट

आमच्या घरात माणसं सहा, देव्हारा एक आणि संडासही एकच. आमच्या उपासनेतल्या बहुतेक अडचणी या शेवटच्या आकड्यापाशी सुरू होतात. थोरली १२ वर्षांची, मधली ९ वर्षांची, आणि 'आता पुरे' असं आम्ही दोघांनी ठरवून टाकल्यावर आलेली जुळी पोरं साडेचार वर्षांची. बायको नर्स आहे. महिन्यातले निम्मे दिवस तिची दुपारपाळी, घरी यायला रात्रीचे दहा. माझी कंपनीत पहिली पाळी, साडेतीनला सुटतो. म्हणजे दिवेलागण, हरिपाठ, पाढे, वरणभात आणि भांडणं हे सगळं माझ्या वाट्याचं. आई सासवडजवळ गावी असते. तिच्या गळ्यात माळ, दरवर्षी वारी. तिनं आम्हाला वाढवताना हे सारं असं काही केलं की त्यात काम असतं, हेच मला चाळिशीपर्यंत कळलं नव्हतं. जे उशिरा का होईना कळलं, ते असं.

१. हरिपाठाला शांतता लागते, ही माझी समजूत होती. लहानपणी आई चुलीपुढे बसून म्हणायची. त्या आठवणीत धूर आहे, भाकरीचा वास आहे, तिचा आवाज आहे आणि बाकी सगळं कसं निवांत. तसंच आपल्या घरी व्हावं म्हणून मी वर्षभर पोरांवर ओरडत होतो. 'गप्प बसा, देवाचं चाललंय' हे वाक्य मी अभंगांपेक्षा जास्त वेळा म्हटलं असेल. हरिपाठाचे अभंग २७. आमची एका बैठकीतली मजल नवाच्या पुढे कधी गेली नाही. चौथ्या-पाचव्या अभंगाला आतून हाक येतेच, "बाबाऽऽ, झालीऽऽ!" आणि मी टाळ खाली ठेवून धुवायला जातो. एकदा वैतागून आईला फोनवर विचारलं, तुला जमायचं कसं? ती हसतच सुटली. "निवांत? कुठलं निवांत? तू आन् तुझा भाऊ चुलीभोवती पळायचा. एका हातानं भाकर, दुसऱ्या हातानं तुमाला धपाटा, तोंडानं हरिपाठ." धपाटा माझ्या आठवणीतून साफ गळाला होता. मग पुंडलिकाची गोष्ट मला निराळी दिसू लागली. दारात साक्षात देव आला, तर हा म्हणाला, आईबापाची सेवा चालली आहे, तोवर या विटेवर थांब. देव थांबला, अजून थांबलाय. गोष्ट लेकराच्या बाजूनं सांगतात खरी, पण मला त्यातला थांबणारा जास्त जवळचा वाटतो. कमरेवर हात ठेवून तो आमच्या संडासाच्या दाराकडे बघत उभा असेल, तर त्याला त्याची सवय आहे.

२. केसांची वेणी घालायला तीन पदर लागतात आणि चौथा पदर संयमाचा लागतो, असं मी एका बाईंना ऐटीत म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "भांग वाकडा आलाय." शाळेत दोन वेण्या आणि वर बांधलेल्या रिबिनी सक्तीच्या. मी महिनाभर मधलीच्या डोक्यावर शिकलो. ती आरशात बघायची, काही न बोलता रिबीन सोडायची आणि थोरलीकडे जायची. इमारतीतली माणसं मात्र कौतुक करायची, "बायकोला किती मदत करतो हो!" हे कौतुक मी बरेच दिवस मनापासून खाल्लं. बायको सकाळपाळीला असते तेव्हा हेच सगळं ती करते, आणि तिला जिन्यात थांबवून अजून कुणी काही म्हटलेलं नाही. याची लाज वाटायला मला 'माउली' हा शब्द उपयोगी पडला. ज्ञानदेवांनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा ते २१ वर्षांचे होते. लग्न नाही, मूलबाळ नाही, आणि आमची माणसं सातशे वर्षं त्यांना आई म्हणतात. आईबाप गेल्यावर चार भावंडांनी एकमेकांना सांभाळलं, त्यातल्या कुणी कुणाला 'मदत' केली असं कुणी म्हणत नाही. पांडुरंगालाही आम्ही विठाई म्हणतोच. म्हणजे वेणी घालणारा बाप ही काही आमच्या परंपरेत नवलाची गोष्ट नाही. भांग अजूनही वाकडाच येतो, ते वेगळं.

३. संतांच्या गोष्टी पोरांना सांगाव्यात, पण प्रश्नांची तयारी ठेवूनच. मी एका संध्याकाळी तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट लावली. बायको पाण्याला गेली, तान्ह्या लेकराकडे बघा म्हणून सांगून गेली, गोरोबा भजनात इतके दंग झाले की चिखल तुडवता तुडवता लेकरू पायाखाली आलं तरी कळलं नाही. पुढे देवानं लेकरू परत दिलं. मला वाटलं, आता पोरं तल्लीनतेविषयी काहीतरी विचारतील. थोरली म्हणाली, "पण आई सांगून गेली होती ना, लक्ष ठेवा म्हणून?" मी म्हणालो, हो, पण त्यांचं सगळं ध्यान विठ्ठलात होतं गं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून चिकट पावलांचा आवाज आला. माझ्या हातात मोबाइल होता. गोष्ट सांगता सांगता मी कंपनीच्या ग्रुपवरचं काहीतरी बघत होतो. अकरा मिनिटांनी मोठा असलेल्या जुळ्यानं शेंगदाणा तेलाची पिशवी फोडून फरशीवर घसरगुंडी केली होती आणि धाकटा तिच्यात आधीच न्हाला होता. थोरलीनं पोतेरं आणून माझ्या हातात दिलं. "गोरोबांचं निदान विठ्ठलात तरी होतं," ती म्हणाली. एक लिटर तेल फरशीवरून निघायला किती राख आणि किती बेसन लागतं, हे मी आता छातीठोक सांगू शकतो. डब्यातलं सगळं लागतं.

४. नैवेद्य कोण खातं, याचा निकाल आमच्याकडे लागलेला आहे. नामदेवाच्या हातून देव जेवला हे ऐकल्यापासून धाकटा जुळा रोज विठ्ठलापुढे एक बिस्किट ठेवून मांडी घालून बसायचा. चौथ्या दिवशी बिस्किटाला मुंग्या लागल्या. मी झटकायला गेलो तर त्यानं माझा हात धरला. "त्याच्या आहेत," तो म्हणाला. मी सुपली परत ठेवली. मुंग्या अजून येतात.

५. रुसलेल्या भावंडाला दारातून बाहेर काढणं हे मोठ्यांचं काम नव्हे. थोरली हल्ली रुसली की आतल्या खोलीला कडी लावून बसते. मी बापाच्या आवाजात दार वाजवलं, मग समजुतीच्या आवाजात, मग शेजारी ऐकतील अशा आवाजात. शेवटी मला मुक्ताबाई आठवली. थोरला भाऊ रागावून ताटी लावून बसला तेव्हा धाकट्या बहिणीनं बाहेरून त्याला समजावलं, ते ताटीचे अभंग. म्हणून मी मधलीला म्हटलं, तू जा, काहीतरी गोड बोल. ती गेली आणि दाराच्या फटीतून आत कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'बाबा भजी तळतायत. चार मिनिटांत बाहेर आलीस तर तुझा वाटा आहे.' मी भजी तळत नव्हतो. चार मिनिटांत तळावी लागली.

६. देवाशी सौदा करणारा माणूस मी नव्हे, असं मला फार वाटायचं. गेल्या पावसाळ्यानंतर मोठ्या जुळ्याला डेंगी झाला. प्लेटलेट उतरत उतरत ४१ हजारांवर आल्या. रात्री दोनला दवाखान्याच्या बाकावर बसून मी पांडुरंगाला म्हणालो, पोरगं धड घरी येऊ दे, आळंदीपासून पंढरपूर पायी चालत येईन. म्हणालो म्हणजे अक्षरशः भाव ठरवला; एकदा तर 'दोनदा येईन' असंही वाढवून पाहिलं. माझ्या तोंडात हरिपाठाची एक ओळ येत नव्हती. बायको खाटेशेजारी उभी होती, मनगटावरचं घड्याळ सलाईनच्या नळीजवळ धरून. ओठ हलत होते. मला वाटलं, नाम घेतेय. पोरगं आठ दिवसांनी घरी आलं, आणि मी अजून पायी गेलेलो नाही. अठरा-वीस दिवसांची सुट्टी कंपनी देत नाही, हे कारण खरं आहे आणि सोयीचंही. मन खात होतं म्हणून आईला सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, फेड बाबा लवकर. ती चिडलीच. "इठुबाला सावकार समजलास काय? तुकोबांनी नवस करणाऱ्यांना किती फटकारलंय, आन् माळकऱ्याच्या घरात तू नवस बोलतोस? चालायचं तर चाल. व्याज भरायला नको येऊ." बऱ्याच दिवसांनी बायकोला विचारलं, त्या रात्री तू काय म्हणत होतीस? "थेंब मोजत होते," ती म्हणाली. "मिनिटाला किती पडतात ते बघावं लागतं." जनाबाईच्या जात्याची गोष्ट मी पोरांना किती रंगवून सांगतो! दळताना विठ्ठल येऊन शेजारी बसला म्हणतो. जातं डोळ्यांपुढे असतं तेव्हा मात्र मला ते ओळखू आलं नाही.

७. आपण पुढारलेले आहोत की नाही, हे दिवा लावायच्या वेळेला कळतं. आमच्याकडे दिव्याचे वार वाटलेले आहेत. त्या दिवशी पाळी थोरलीची होती, आणि इथे हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण दोन्ही अर्थांनी होती. पहिल्यांदाच. ती देव्हाऱ्यापासून चार हात लांब उभी राहून म्हणाली, "आज मधलीला लावू दे." मला कळायला वेळ लागला. तिच्या आईनं तिला सगळं आधीच समजावलं होतं, कपाटात पॅड ठेवले होते; अडाणी तेवढा मी होतो. बायकोला फोन लावला, तो ड्युटीवर उचलला जात नाही. मग गावी लावला, आणि कबूल करतो, उत्तर मला ठाऊक आहे असं धरूनच लावला. आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला बाजूला बसवायचे. चार दिस गोठ्याच्या कडंला. पण वारीत एका तंबूत तीस बाया असतो आम्ही, तिथं कोण कुणाला इचारतंय? बाया चालत्यात तशाच. पांडुरंग काय वाट अडवतो व्हय? लावू दे लेकीला दिवा. आन् तिला तूप-गूळ दे." चोखोबांच्या सोयराबाईंनी चौदाव्या शतकात विचारून ठेवलंय की देहच विटाळातून घडतो, मग यातून सुटलेला कोण? तो अभंग मी कॉलेजात वाचला होता, आवडला म्हणून खूणही केली होती. दुनियेला ऐकवला असता. आणि स्वतःच्या पोरीसमोर वेळ आली तेव्हा परवानगी मागायला मला सत्तरीच्या बाईला फोन करावा लागला. थोरलीनं विचारलं, "आजी काय म्हणाली?" म्हटलं, लाव म्हणाली. ती काडेपेटी हातात घेऊन थांबली. "आणि तू?"

८. वारीला जाता आलं नाही तर वारी दारात येते, हे हडपसरला राहण्याचं सुख. पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम उरकून दोन्ही पालख्या सकाळी इथवर येतात आणि इथून वाटा फुटतात. तुकोबांची सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे, माउलींची दिवे घाट चढून सासवडला. यंदा आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक दिंडी तासभर टेकली. आम्ही चहा आणि केळी ठेवली होती. थोरली पेले भरत होती. मधली एका म्हाताऱ्या बाबांच्या पायांना तेल लावत होती. टाचांना इतक्या भेगा की तेल आत उतरून दिसेनासं व्हायचं आणि ती पुन्हा ओतायची. जुळ्यांच्या हातात कुणीतरी टाळ दिले होते, म्हणजे ऐकू येणं बंद. बाबांनी मधलीला विचारलं, "आई कुठंय गं बाळ?"

"ड्युटीला. हा आहे ना," ती तेलकट बोटानं माझ्याकडे दाखवत म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खांद्यावर पंचा, एका हातात किटली, दुसऱ्या हातात मधलीची सुटलेली रिबीन. "बसा माउली," ते म्हणाले, "दोन अभंग म्हणू." मी किटली ठेवली, त्यांच्यासमोर मांडी घातली, टाळ घेतले. पखवाजावर थाप पडली. पहिलं चरण संपतं न संपतं तोच तळमजल्याच्या संडासातून, साऱ्या टाळांच्या वर, "बाबाऽऽ!"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी टाळ मांडीवर ठेवले.

"जा माउली," ते म्हणाले. "आम्ही थांबतो."