नेपाळला व्हिसा नको, पण ओळखपत्र कोणते?

प्रश्न : आम्ही पाच जण नाशिकहून पशुपतिनाथाला निघालो आहोत. मुंबई ते काठमांडू विमान आहे. पासपोर्ट कुणाकडेच नाही. आधार कार्ड चालेल ना? वडील ७२ वर्षांचे, मुलगा १६ वर्षांचा, मुलगी ११ वर्षांची.

उत्तर : भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, हे खरे. पण तुमचे आणि पत्नीचे आधार कार्ड इथे पुरणार नाही. १५ ते ६५ या वयातल्या प्रवाशांना वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. ड्रायव्हिंग लायसन्सही चालत नाही. वडील पासष्टीपुढचे आणि मुलगी पंधराच्या आतली, म्हणून त्या दोघांना २०१९ पासून आधार चालते.

काळजी मुलाची. त्याला मतदार ओळखपत्र मिळण्याचे वय नाही आणि आधाराची सवलतही नाही. १५ ते १८ वयोगटासाठी मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला ग्राह्य धरतात. शाळेला सुट्टी लागण्याआधीच तो मागून घ्या. तरी माझा आग्रह असा, की वेळ हाताशी असेल तर सगळ्यांचे पासपोर्ट काढाच. कागदपत्रे मूळ न्या, झेरॉक्सवर विसंबू नका.