रात्रीच्या खणातली पांढरी गोळी

यांना माझी किडनी बसवली, त्याला येत्या पावसाळ्यात तीन वर्षं होतील. क्रिएटिनिन १.५ वर टेकलंय. पहिल्या महिन्यात १.१ होतं. मधला फरक माझ्या शहाणपणाचा.

ऑपरेशनच्या दिवशी आम्हा दोघांनाही चीर देण्याआधी, तासाभराच्या आत, अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. कातडीला सुरी लागते त्या क्षणी औषध तिथे पोचलेलं हवं, म्हणून ही घाई. दुसऱ्या दिवशी मला व्हीलचेअरवरून यांना बघायला नेलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, ते इंजेक्शन आजपासून बंद. टाके धरून मी भांडायला उभी. लघवीची नळी आत, स्टेंट आत, प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली, आणि अँटिबायोटिक एका दिवसात बंद? माझ्या दाढेला पाच दिवस दिलं होतं! डॉक्टर म्हणाले, "ताई, दिवस वाढवून जखम जास्त सांभाळली जात नाही. औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात. मग खरंच संसर्ग झाला तर देऊ काय?" मी गप्प बसले. पटलं मात्र नव्हतं.

घरी आल्यावर गोळ्यांची डबी माझ्याकडे. प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस सकाळी नऊ, रात्री नऊ, घड्याळ लावून. रात्रीच्या खणात एक पांढरी गोळी, सेप्ट्रान. चिठ्ठीवर पुढे 'सहा महिने'. चौथ्या महिन्यात यांना मळमळायला लागलं. ताप नाही, लघवी स्वच्छ, मग रोज अँटिबायोटिक कशाला? उगाच अँटिबायोटिक घेऊ नये, हे तर पेपरातही येतं. मी ती गोळी खणात टाकायची बंद केली. मळमळ थांबली आणि मला माझंच कौतुक वाटलं.

दीड महिन्याने कोरडा खोकला. जवळच्या दवाखान्यातून क्लॅरिथ्रोमायसिन आणलं. ट्रान्सप्लांटचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चार दिवसांत यांच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. त्या गोळीमुळे टॅक्रोलिमसचा निचरा अडतो आणि रक्तातली पातळी चढते, हात कापतात, किडनीला मार बसतो. हे नंतर कळलं. खोकला होताच. बसल्या जागी ऑक्सिमीटर ९५ दाखवायचा, जिन्याच्या दहा पायऱ्या चढले की ८६.

न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया निघाला. ही एक बुरशी. धडधाकट माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही, यांच्यासारख्यांच्या जिवावर उठते. तिला अडवायलाच ती पांढरी गोळी होती. लघवीच्या संसर्गाचा धोकाही तिने कमी होतो. उपचार कोणता? तेच औषध, रोजच्या गोळीच्या दहापटीहून जास्त, सुरुवातीला शिरेतून, एकूण २१ दिवस. मळमळ वाचवायला निघाले होते मी!

तेव्हा नव्याने ट्रान्सप्लांट झालेल्या घरांना सांगते. इंजेक्शन लवकर थांबवलं म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती आधीच सांगा, सेप्ट्रानमध्ये सल्फाच असतं. ते पोटॅशियम वाढवू शकतं, म्हणून रक्ततपासणी चुकवू नका. त्रास झाला तर फोन करा. डोस बदलता येतो, दुसरं औषधही असतं. आम्हाला ते एका फोनवर मिळालं असतं. लघवीच्या रिपोर्टात जंतू दिसले, पण जळजळ नाही, ताप नाही, तर मनाने कोर्स सुरू करू नका. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. दुसऱ्या कुणी दिलेली गोळी, मग ती साध्या खोकल्याची का असेना, त्यांना विचारल्याशिवाय नको. टीबीचं रिफाम्पिसिन तर उलटं वागतं, टॅक्रोलिमसची पातळी पाडतं.

आणि पांढरी गोळी बंद करावीशी वाटली, तर आधी फाईल उघडा. 'बंद' असं डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं नाही, तर आज रात्री ती खणात टाका.